नंदी रंकाळ्याकडं का सरकतो? कथेतल्या जिवंत जागांविषयी

रंकाळा तळ्याच्या काठी एक मोठा दगडी नंदी आहे. त्याच्याबद्दल कोल्हापुरात एक आख्यायिका सांगतात. हा नंदी गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल, त्या दिवशी जगबुडी. लहान मुलाला हे सांगून बघा. दगड चालेल कसा, असं ते विचारत नाही. 'मग आता किती राहिलंय?' असं विचारतं.

भयकथा, रहस्यकथा, गूढकथा लिहायची हौस असेल तर या दोन ओळींची घडण नीट बघण्यासारखी आहे. नंदी डोळे वटारत नाही, गुरगुरत नाही, त्याच्या नाकपुड्यांतून वाफा निघत नाहीत. त्याला एक दिशा दिली आहे, अगदी मंद चाल दिली आहे आणि पुढं एक हद्द आखून ठेवली आहे. बाकीचं सगळं ऐकणाऱ्याचं मन करतं. गहू आणि तांदूळ यांच्यात फरक केवढा, तो दिवसागणिक साठत गेला तर काय, हा हिशोबसुद्धा ते आपला आपणच मांडायला लागतं.

शाळेत याला चेतनगुणोक्ती म्हणतात. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं वर्णन आलं की हा अलंकार. उदाहरणांत हसणारा झरा, लाजणारी कळी, गाणारा वारा. ते पाठ करून करून आपल्या डोक्यात असं बसतं की हा कवितेवर चढवायचा दागिना आहे, आणि कथा लिहिताना निसर्गवर्णनात दोनचार ठिकाणी तो लावला की झालं. प्रत्यक्षात कथेत त्याच्याकडून फार कष्टाचं काम करून घेता येतं. वाचकाला अस्वस्थ करायचं आणि कारण न सांगता बरीच पानं तसंच ठेवायचं, हे ते काम. ते कसं चालतं, हे कोल्हापूरच्या आसपासच्या जागा घेऊन बघू. पुढचे नमुन्याचे उतारे या लेखापुरते रचलेले आहेत.

आधी हे मुळात लागू का पडतं ते बघायला हवं. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी चित्रफीत बनवली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकोन होता. चौकोनाची एक बाजू दारासारखी उघडायची, मिटायची. या आकृत्या पडद्यावर इकडून तिकडं सरकत होत्या, एवढंच. पाहणाऱ्यांना काय दिसलं ते लिहायला सांगितलं. पहिल्या गटातल्या ३४ जणांपैकी फक्त एकानं ते भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांना तिथं भांडण दिसलं, दांडगाई दिसली, पाठलाग दिसला, घाबरून लपणं दिसलं.

त्या त्रिकोणाला डोळे नव्हते, तोंड नव्हतं. होती ती फक्त हालचाल, आणि तीही दुसऱ्या कुणाच्या तरी संदर्भातली. वर्तुळ सरकलं की त्रिकोण सरकला. एवढ्यावरून मन 'हा त्याच्या मागं लागलाय' असं ठरवून मोकळं होतं.

रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी पाजायला जाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. फडात खसपस होते. वारा असेल, उंदीर असेल, डुक्कर असेल. तिकडं लक्ष न देता माणूस बांधावरून चालत राहतो. पण तो थांबला आणि त्याच क्षणी खसपसही थांबली, तर? आवाज तोच, फड तोच. योगायोग एकच घडला, आणि फडाला मन फुटलं.

यातून लिहिणाऱ्यासाठी एक नियम निघतो आणि माझ्या मते बाकी सगळं त्याच्या पोटात येतं. जागेला हेतू द्यावा, चेहरा देऊ नये. आपल्याकडं नेमकं उलटं होतं. गूढकथेत हमखास भेटणारा हा परिच्छेद बघा.

'अमावास्येची भयाण रात्र होती. काळाकुट्ट अंधार राक्षसासारखा आ वासून उभा होता. वारा वेड्यासारखा किंचाळत होता. झाडं जणू हडळींसारखी हात पसरून नाचत होती. पन्हाळगड जणू रक्ताला चटावला होता.'

एवढ्याशा परिच्छेदात राक्षस, वेडा, हडळी आणि रक्तपिपासू गड, सगळे हजर. गंमत म्हणजे भीती कुणाचीच वाटत नाही, कारण त्यांना पुढं करायला काही उरलेलंच नाही. सगळ्यांनी आल्या आल्या आपापला धंदा काय तो सांगून टाकलाय. शिवाय 'जणू' आणि 'सारखा' हे दोन शब्द प्रत्येक वेळी वाचकाचा हात धरून त्याला बाहेर काढतात. 'जणू' म्हटलं की लेखकच कबूल करतो, असं काही नाहीये बरं का, नुसतं वाटतंय. उपमा-उत्प्रेक्षा अंतर राखून बोलतात. चेतनगुणोक्ती ते अंतर ठेवत नाही, सरळ विधान करते. म्हणून भीतीच्या कामाला ती जास्त उपयोगी.

आता तोच गड, जरा हात आखडता घेऊन (तीन दरवाजा हे गडाच्या एका प्रवेशद्वाराचं नाव):

'एसटी स्टँडपासून तीन दरवाज्यापर्यंत धुकं त्याच्या बरोबरीनं आलं. तो थांबला तिथं थांबलं. बुटाची नाडी बांधायला तो वाकला तेव्हा दोन पावलं पुढं जाऊन वाट बघत राहिलं. कमानीखालच्या फरशीवर शेवाळ होतं आणि वरून पाणी ठिबकत होतं. डाव्या भिंतीवर कुणीतरी खडूनं बाण काढला होता. तो आत शिरला आणि त्यानं मागं वळून पाहिलं. धुकं बाहेरच उभं होतं. उंबऱ्यापर्यंत आलं होतं, पण आत येत नव्हतं.'

इथं धुकं वाईट आहे असं कुठंही म्हटलेलं नाही. उलट आतापर्यंत त्यानं सोबतच केली. भीती शेवटच्या वाक्यात येते, कारण ज्याला आपण धोका समजत होतो तोच आत यायला कचरतोय. म्हणजे आत काय असेल? हा प्रश्न लेखकानं विचारलेला नाही. धुक्याच्या वागण्यातून तो वाचकानं आपणहून काढला, आणि स्वतः काढलेला प्रश्न माणूस सहजी सोडत नाही.

शिवाय प्रत्येक वाक्याला एक साधं स्पष्टीकरणही आहे. पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं असतंच. ते माणसाबरोबर चालल्यासारखं वाटतं, छपराखाली विरळ होतं. वाचकाला हवं असेल तर तो हे स्पष्टीकरण घेऊन शांत बसू शकतो. पण तसा तो बसत नाही. निसर्गाचा नियम आणि कुणाचा तरी डाव, या दोन शक्यता जोवर सारख्याच जवळ आहेत तोवरच ताण टिकतो. धुकं एकदा बोलायला लागलं की परीकथा सुरू, आणि 'ते फक्त धुकं होतं' असं सांगून टाकलं की भूगोलाचा धडा. लेखकानं या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात जितकं राहता येईल तितकं राहावं.

ठिबकणारं पाणी, शेवाळ, खडूचा बाण यांना मात्र जिवंत केलेलं नाही हेही बघा. ते नुसते आहेत, आणि ते असल्यामुळं धुक्यावर विश्वास बसतो. ज्यानं फरशीवरचं शेवाळ बरोबर पाहिलं तो धुक्याबद्दल खोटं कशाला सांगेल, असं वाचकाला वाटतं. एका जिवंत वाक्याला निदान तीनचार साधी, तपासून घेता येतील अशी वाक्यं जामीन राहायला हवीत.

किल्ल्यांच्या बाबतीत तर लेखकाचं निम्मं काम बांधणाऱ्यांनीच करून ठेवलंय. तीन दरवाज्याजवळच अंधारबाव आहे. तीन मजल्यांची वास्तू, तळाशी विहीर आणि तटाबाहेर निघायची चोरवाट. बाहेरून बघणाऱ्याला आत केवढं काय आहे याचा पत्ता लागत नाही, कारण तो लागू नये म्हणूनच ती तशी बांधली आहे. गडाचं पाणी शत्रूच्या हाती पडू नये, हा तिच्यामागचा विचार. तटातल्या जंग्या म्हणजे आतून बाहेर नेम धरण्यासाठी ठेवलेली भोकं. अशा जागेत हेतू दगडातच घातलेला असतो. १६६० साली सिद्दी जौहरनं या गडाला महिनोन् महिने वेढा घातला, तेव्हा या भिंतींचं कामच मुळी बघणं आणि लपवणं होतं. म्हणून 'तट त्याच्याकडं बघत होता' हे वाक्य पन्हाळ्यावर जितकं खपून जातं तितकं एखाद्या अपार्टमेंटच्या कंपाउंडबद्दल खपत नाही. तिथं वेगळी खटपट करावी लागते.

खरी करामत क्रियापदाची

जागेला जिवंत करायचं म्हणजे जोरदार विशेषणं शोधायची, असा समज आहे. भीषण, भेसूर, अक्राळविक्राळ वगैरे. पण विशेषण जागेला रंग देतं, मन देत नाही. मन येतं क्रियापदातून. आणि इथं मराठीकडं एक असं हत्यार आहे की त्याचा पुरेसा वापर होत नाही याचं मला नवल वाटतं. मुख्य क्रियापदाला चिकटणारी छोटी क्रियापदं: घेणे, देणे, टाकणे, ठेवणे, बसणे, पाहणे. बोलताना आपण ती दिवसभर वापरतो, त्यामुळं लिहिताना त्यांच्याकडं लक्षच जात नाही.

धुक्यानं बुरूज झाकला. ही नुसती बातमी आहे.

धुक्यानं बुरूज झाकून टाकला. आता काम पुरं झालं, विषय संपला. थोडा जोर आला, पण ताण नाही.

धुक्यानं बुरूज झाकून घेतला. 'घेतला' म्हणजे स्वतःसाठी. धुक्याला त्या बुरजाचं काहीतरी पडलेलं आहे.

धुक्यानं बुरूज झाकून ठेवला. इथं मात्र मान वर होते. आपण भाकरी झाकून ठेवतो, पैसे काढून ठेवतो, एखादी गोष्ट मनात धरून ठेवतो, आणि प्रत्येक वेळी पुढं कधीतरी लागणार म्हणून. 'ठेवणे' आलं की भविष्यकाळ आला. धुक्याला हा बुरूज नंतर कधीतरी, कुणालातरी दाखवायचा आहे. एका शब्दात हेतूही आला, वेळही आली आणि वाचकाची वाट बघणंही सुरू झालं.

'पाहणे'ची ताकद आणखी निराळी. 'पाणी एक पायरी चढलं' आणि 'पाण्यानं एक पायरी चढून पाहिली' ही वाक्यं शेजारी ठेवा. दुसऱ्या वाक्यातलं पाणी प्रयोग करतंय. जमतंय का बघतंय. प्रयोग करणारा परत येतो, हे वाचकाला ठाऊक असतं. 'बसणे'त हट्ट आहे: 'डोंगर वाट धरून बसला होता.' आणि 'जाऊ देणे'त तर सत्ता आहे. 'तो करूळ घाटातून खाली उतरला' हे निरुपद्रवी वाक्य. 'घाटानं त्याला खाली उतरू दिलं' म्हटलं की घाट त्याला अडवू शकत होता हे आपोआप सिद्ध झालं, आणि यावेळी का सोडलं असेल ही टोचणी मागं राहिली. परवानगी देणारा कायम धमकी देणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

जाता जाता, मराठीतलं लिंगही उपयोगी पडतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात गगनबावड्यात एखादी म्हातारी दारात उभी राहून 'आला बघ' म्हणाली, तर तो पाऊस की माणूस हे पुढच्या वाक्यापर्यंत लपवता येतं. पण ही युक्ती एका कथेत एकदाच.

बघणारा कोण आहे?

जागा जिवंत होते म्हणजे कुणाला तरी ती जिवंत वाटते. हा 'कुणाला तरी' विसरला की वर्णन लोंबकळत राहतं. कालिदासाला हे पक्कं माहीत होतं. 'मेघदूता'त शापित यक्ष ढगाला निरोप सांगतो, आणि कवी स्वतःच अडवून विचारतो: धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा गोळा असलेला ढग कुठं, आणि जित्याजागत्यांनीच पोचवायचे निरोप कुठं? उत्तरही त्यानंच दिलंय. प्रेमानं व्याकूळ झालेल्यांना चेतन काय आणि अचेतन काय यातला भेद उरत नाही. म्हणजे ढगाला जिवंतपणा आला तो यक्षाच्या मनातून. पुढं १८५६ मध्ये जॉन रस्किन या इंग्रज समीक्षकानं याच गोष्टीला दोष म्हटलं. भावना अनावर झाली की माणसाला निसर्ग खोटा दिसतो, आणि ते खोटं दिसणं थोर काव्याचं लक्षण नव्हे, असा त्याचा आक्षेप. आक्षेप बरोबरच आहे, पण कथाकाराला तो वरदानासारखा आहे. एखाद्याला निसर्ग नेमका कशा प्रकारे खोटा दिसतो, हे सांगितलं की त्या माणसाच्या पोटात काय चाललंय ते न सांगता सांगून होतं.

आपल्या रससिद्धांतात याला जागा होतीच. मनातला भाव चेतवणाऱ्या परिस्थितीला तिथं उद्दीपन विभाव म्हणतात. भयानक रसाला कारण होणाऱ्या गोष्टींत भरताच्या नाट्यशास्त्रात ओसाड घर, अरण्य, कोल्ही, घुबडं यांची नावं आहेत. यादी दीड-दोन हजार वर्षांची आहे आणि अजून चालते.

रंकाळ्यातला संध्यामठ ही जुनी दगडी वास्तू पावसाळ्यात पाण्यात असते आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडी पडते. लग्न ठरलेला एखादा तरुण मे महिन्यातल्या संध्याकाळी तिची वाट बघत कठड्यावर बसला असेल तर लिहिता येईल: 'रंकाळ्याला आज घाई नव्हती. मावळतीचं ऊन त्यानं संध्यामठाच्या माथ्यावर अजून थोडं धरून ठेवलं होतं.' आता त्याच कठड्यावर, त्याच वेळी, पतसंस्थेच्या हिशोबात हात मारलेला एक कारकून बसवा. उद्या ऑडिट आहे.

'पाणी पार उतरलं होतं. मठाचे खालचे खांबसुद्धा दिसत होते, काळे, शेवाळ वाळलेले. इतके महिने पोटात ठेवलेलं सगळं तळ्यानं चारचौघांत काढून ठेवलं होतं. कठड्यावरची माणसं भेळ खात तिकडंच बघत होती.'

दोन्हीकडं 'ठेवलं' आहे. पहिल्या ठिकाणी तळं सामील आहे, दुसऱ्या ठिकाणी फितूर. कारकुनाच्या भानगडीबद्दल इथं अवाक्षर नाही. पण त्याला झोप लागणार नाही हे आपल्याला कळलं. असं वर्णन आलं की 'त्याच्या मनात अपराधी भावना दाटून आली' हे वाक्य निर्दयपणे खोडावं. दोन्ही ठेवायचा मोह होतो, आणि दोन्ही ठेवली की दोन्ही मरतात.

मराठीत एक अडचण आहे. आपण रोजच इतकं चेतनगुणोक्तीत बोलतो की तिची धार गेली आहे. पाऊस दडी मारतो, हुलकावणी देतो. वारा पडतो. घर खायला उठतं. रात्र वैऱ्याची असते. नदी पात्र सोडते. यातलं काही ऐकून कुणी दचकत नाही. असे वाक्प्रचार जसेच्या तसे वापरले तर भीतीऐवजी सवय जागी होते. त्यांना पुन्हा धार लावायची तर त्यांचा शब्दशः अर्थ घेऊन एक पाऊल पुढं जावं लागतं. 'घर खायला उठत होतं' इथं थांबू नका. घर आधी कुठल्या खोलीकडं वळलं ते सांगा.

पुराच्या भाषेत तर हे फार जपून करावं लागतं, कारण कोल्हापुरात पूर हा काही अलंकार नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. पावसाळ्यात हे आकडे इथं शाळकरी पोरांना तोंडपाठ असतात. 'पाणी किती हाय?' या प्रश्नाला उत्तर फुटात आणि इंचात येतं. म्हणजे ताणाचं घड्याळ आयतं मिळालेलं आहे. लेखकानं ते मोडू नये.

'सहा वाजता बंधाऱ्यावर ३८ फूट ११ इंच होतं. आठ वाजता ३९. काकूंनी देव्हाऱ्यातले टाक पिशवीत घातले, मग परत काढून जागेवर मांडले. "इथवर न्हाई यायचं ते," आण्णा म्हणाले. त्यांच्या मागं भिंतीवर २०१९ ची रेघ होती, आण्णांच्या छातीइतकी. पंचगंगेला या घराची वाट कुणाला विचारावी लागणार नव्हती.'

उताऱ्यात नदी फक्त एकदा जिवंत झाली, तीसुद्धा नकारात्मक वाक्यात. ती रागावलेली नाही, कोपलेली नाही. तिला रस्ता माहीत आहे, बस. ओळखीच्या माणसाला आपला पत्ता माहीत असणं अनोळखी राक्षसाच्या गर्जनेपेक्षा जास्त अंगावर येतं. आकडे जे करत होते त्यात तिच्या आठवणीची भर पडली.

कधीकधी वस्तुस्थितीच इतकी विलक्षण असते की तिथं अलंकाराला हात लावू नये. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात. मध्यरात्री, मुसळधार पावसात, कुणाचा हात न लागता एक दरवाजा उघडतो, काही वेळानं दुसरा, आणि भोगावती नदीत पाणी सुटतं. हे असंच लिहावं. 'दरवाज्यानं हळूच डोळे उघडले' वगैरे करणाऱ्याला माझ्याकडून शून्य गुण.

प्रमाणाचं म्हणाल तर कुस्तीतली खडाखडी आठवावी. सलामी झाल्यावर पैलवान लगेच डाव टाकत नाहीत. हात लावतात, काढतात, मनगट चाचपतात, एक पाऊल आत, एक बाहेर. मैदानातली माणसं श्वास धरून असतात ती याच वेळी. चितपट झाल्यावर तर सगळे ओरडायलाच लागतात. जागेचंही तसंच. तिनं हात लावावा आणि काढून घ्यावा. पहिल्या पाच पानांत एक वाक्य, मग बराच वेळ काही नाही. मग आधीच्या वाक्याला धरून दुसरं, जरासं जवळ आलेलं. सलग तीन वाक्यांत तीन वस्तू जिवंत केल्या की वाचक लेखकाकडं बघायला लागतो.

आणि ही युक्ती भीतीपुरतीच आहे असंही नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवात, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात. चरणांपासून वर चढत मुखापर्यंत जातात. ढग आले, धूळ असली किंवा वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं तर मध्येच मावळतात. दुसऱ्या दिवशी बातमीत असतं, किरणं कमरेपर्यंत आली, गळ्यापर्यंत आली. दिशा, मंद चाल, हद्द. सगळी तीच सामग्री. देवळात उभी असलेली गर्दी याच प्रश्नावर खिळलेली असते, पोचतील का? इथं पोचावीत असं वाटतं आणि नंदीनं पोचू नये असं वाटतं, एवढाच काय तो फरक.

शेवटी एक वापर असा, जो रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी तरी सोडू नये. नदीकाठच्या कित्येक गावांत एखादा डोह बदनाम असतो. 'तो माणूस मागतो' असं बोललं जातं. कुणी बुडालं की गाव म्हणतं, 'डोहानं घेतला.' या वाक्यातला कर्ता बघा. कर्ता डोह आहे, म्हणजे बाकी सगळे निर्दोष सुटले. चेतनगुणोक्तीनं गुन्हेगाराला यापेक्षा चांगली सोय कुठं मिळणार? कथेच्या पहिल्या भागात लेखकानं हा डोह खुशाल जिवंत करावा. त्याचं वाट बघणं, गप्प राहणं, काठच्या गवताचं वाकणं, सगळं इतकं पटवावं की वाचकही गावासारखंच बोलायला लागेल. मग फौजदार येतो आणि पंचनामा होतो. पंचनाम्याच्या भाषेत डोहाला कर्ता होता येत नाही: 'मयताचे प्रेत डोहाचे उत्तरेकडील काठापासून अंदाजे १२ फुटांवर उताण्या स्थितीत मिळून आले. काठावर पाण्याची मोटर असून ती बंद स्थितीत आहे.' दोन पानांपूर्वी ज्या पाण्याला मन होतं त्याला आता फक्त अंतर आणि दिशा उरली. वाचकाच्या डोक्यात दोन्ही भाषा एकदम वाजत असताना फौजदारानं गर्दीकडं वळावं.

'डोहानं घेतला म्हणता. बरं, घेतला असेल. पण हा पाणी पाजायला आलावता न्हवं? मग मोटर कुणी बंद केली?'